लपवलेला बाण

रविवार, ९ नोव्हेंबर

बाण गेला. दिशाने आज तो लपवून टाकला.

म्हणजे आबांच्या पडद्यावरचा. माऊस हलवला की पांढरा बाण हलतो, तो. दिशा त्याला कर्सर म्हणते. मी बाणच म्हणते. मागच्या संक्रांतीला आबांना, माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डावा हात चालतो, पण थरथरतो. दिशा माझी एकुलती एक, नगरला कॉम्प्युटर शिकते, रविवारी घरी येते. तिने उन्हाळ्यात कोणाचं तरी जुनं मशीन स्वस्तात आणलं आणि आजोबांसाठी प्रोग्राम लिहिला. पडदाभर चौकटी. प्रत्येकीत एक फोटो, खाली शब्द. पाणी. औषध. कूस. दुखतंय. दार — आमच्याच पुढच्या दाराचा फोटो. 'ये' — तिथे माझा. आबांनी चौकट दाबली की मशीन तो शब्द बोलतं.

बोलतं माझ्याच आवाजात. शब्द भरले त्या दिवशी घरात मीच होते. यांच्या फोटोखाली यांचं नाव आहे, ते काही मी उच्चारलं नाही. दिशा चिडली, मम्मी आता कोण पाळतं हे? मी पाळते. शेवटी तिथे 'अहो' म्हटलं. आता आबा पोटच्या लेकाला माझ्या आवाजात 'अहो' म्हणून हाक मारतात! हे पहिल्यांदा इतके दचकले की हातातला चहा सांडला.

आणखी एका शब्दावरून वाद झाला होता. दिशा म्हणाली, 'ये' आहे तर शेजारी 'जा' घालू. मी नको म्हटलं. या घरात कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. आजारी माणसाच्या तोंडी तर 'जा' नकोच, मग ते तोंड यंत्राचं का असेना. त्या जागी 'दार' घातलं.

तर बाण. आबांना नेम धरता यायचा नाही. हात थरथरला की बाण भलत्याच चौकटीवर. पाणी मागायचे आणि 'दुखतंय' ऐकू यायचं, मी धावत! आता दिशाने पिवळी चौकट ठेवली आहे. ती आपली आपण एकेका शब्दावरून फिरते, हव्या शब्दावर आली की आबांनी नुसतं बटण दाबायचं. बाणाचं कामच उरलं नाही, उलट आबा त्याच्यामागे बघत बसतात, म्हणून लपवला. मी विचारलं, कुठे गेला? म्हणाली, "गेला नाही मम्मी. आहे तिथेच. फक्त दिसत नाही."

जेवण करून चारच्या गाडीने गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

सोय झाली खरी, पण माझीच पंचाईत. प्रोग्राम बंद कसा करायचा? आधी बाण कोपऱ्यातल्या फुलीवर नेऊन दाबायचे. आता बाणच नाही तर फुलीवर काय नेऊ! माऊस नुसता पाटावर घासत बसले. दुपारी कीर्तन लावायचं होतं मशीनवर, ते राहिलं. पिवळी चौकट आपली फिरतेय गोल गोल. घाण्याचा बैल.

दिशाला फोन केला. म्हणाली, वरच्या ओळीतलं एफ-दोन दाब, बाण दिसेल आणि पहिल्यासारखा चालेल. पण आबांसमोर नको, त्यांचा परत घोळ होईल. आबा दिवसभर त्याच्यासमोरच असतात, मग कधी दाबू? मी सरळ भिंतीवरचं बटण बंद करते. ती ओरडते, मशीन खराब होईल म्हणून. होऊ दे.

घरखर्च लिहिला. दिशाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून ही वही केली आहे. पुढून हिशोब, मागून हे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी भावाचा, गोरक्षचा फोन, माहेराहून, मिरजगावहून. भाकरीचं पीठ हाताला होतं म्हणून फोन मोठ्या आवाजात लावून ओट्यावर ठेवला. म्हणाला, "आक्के, ये बरं का लवकर. म्हातारी काल मला म्हनली, पाव्हनं कुठलं? चहा घ्या. अजून तुझं नाव काढती. माला येनार हाय म्हनती. पर किती दिस काढंल, सांगता येत न्हाई."

आई नाव काढते अजून. माझं.

हे दुपारी दुकानातून जेवायला आले तेव्हा विचारलं, चार दिवस मिरजगावला जाऊन येऊ का? खताचं दुकान यांचं स्वतःचं नाही, तिथे हिशोबाला आहेत, रब्बीची गर्दी आहे, मला कळतं. म्हणाले, आबांचं कोण बघणार? मी म्हटलं, पंकजावन्संना विचारू. लगेच फोन लावला. नणंद राहुरीला, फार लांब नाही. तर म्हणे, थंडी सरली की येते वहिनी.

येतेच म्हणतात त्या. संक्रांतीपासून.

आबा पलंगावरून सगळं ऐकत होते. माझं बोलणं संपतंय तोच मशीन बोललं — "ये."

गेले. काही नको होतं. नुसतं माझ्याकडे बघत होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळपासून 'ये'. गेले की पाणी नाही, औषध नाही, कूस नाही. परत आले की पाठीमागून 'ये'. मग 'दार'. दार उघडंच होतं, लावलं. परत 'दार'. उघडलं. परत 'ये'. माझाच आवाज, आणि मलाच तो ऐकवेना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एकादशी. साबुदाणा भिजवला होता, खिचडी करून खायला बसले. 'ये'. उठले. ती तशीच गार झाली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

यांच्याजवळ परत विषय काढला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "अगं, तू जाणार हे ऐकल्यापासून आबा तुला सारखे बोलवतायत. घाबरलेत ते. दिसतंय ना तुला? अशा माणसाला सोडून जायचं, तर जा."

'जा' म्हणाले. या घरात. मग त्यांनाच कसंतरी झालं, चप्पल घालून दुकानात गेले.

खरंच आहे. आबा बोलवतात आणि मी त्यांची सून. सासूबाई गेल्या तेव्हा आबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, लेकीच्या नाही. पंकजावन्सं अजून ते विसरलेल्या नाहीत. आबा माझ्याशी कायम लेकीसारखं अगं-तुगं बोलले आणि त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. त्यांनी हाक मारली तर जायलाच हवं.

पण मिरजगावला कोणीतरी माझं नाव काढतंय. तेही रोज थोडं थोडं विसरतंय.

भगवतीच्या देवळात गेले नाही बरेच दिवस. दारापुढच्या ओट्यावर उभी राहून कळसाकडे हात जोडते. तेवढ्यात मागून 'ये'.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शेजारच्या मालनबाई ताक द्यायला आल्या. आबांनी त्यांच्यासमोर तेच केलं. त्या हसायला लागल्या. "काय बाई नशीब तुजं. आमच्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात मला एवढ्या हाका मारल्या न्हाईत. तुजा सासरा तर मोटारीचा हारन वाजवावा तसा वाजिवतो." आबांकडे वळून म्हणाल्या, "आबा, सुनंला जरा दम खाऊ द्या, कुटं पळून चालली काय ती?"

आबांनी माऊस असा ढकलला की पाटावरून खालीच पडला. वायरीला लोंबकळत राहिला.

मालनबाई म्हणाल्या, राग आला वाटतं. त्या गेल्यावर मी आबांना म्हटलं, आबा असं करू नका, तुटेल. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रविवार, २३ नोव्हेंबर

दिशा आली. सांगितलं सगळं. म्हणाली, शब्द वाढवू का? 'भीती वाटते' असा घालू? मी म्हटलं, नको. कोणत्या पुरुषाने तो दाबलाय आजवर?

माऊस रोज पडतो आता. उजवीकडेच ढकलतात, पाटाच्या कडेपर्यंत, खाली. यांनी युक्ती केली. कणीक मळायची परात आणली, त्यात माऊस ठेवला. परातीला काठ असतो. आता कितीही ढकला, काठाला आपटून थांबतो. टण्ण. दिशाला हसू आवरेना, म्हणाली याचा फोटो कॉलेजात दाखवते.

कणकेला आता जुनं ताट घेते.

मला मात्र ती परात बघवत नाही. माऊस त्यात फिरतो, काठाला लागतो, मागे येतो. पडद्यावर काहीच हलत नाही. पिवळी चौकट आपल्या वाटेने, हात आपल्या वाटेने.

दिशाला विचारलं, बटण तर एकाच जागी दाबायचं आहे, मग आबा माऊस फिरवतात कशाला? म्हणाली, सवय असेल. किंवा स्नायूंचा झटका. ती म्हणते तर असेल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. नारळ, पाच पानं, वेणी दारातल्याच शेवंतीची. कहाणी वाचायला बसले तर — ये. एक ओळ वाचली. ये. पोथीत बोट ठेवून उठले. काही नको. दार. उघडं. ये.

मी स्पीकरची वायर काढली.

देवीपुढे बसून काढली. शांत झालं घर. कहाणी पूर्ण वाचली, आरती केली. मग वळून बघितलं तर आबा दाबतच होते. माझ्या फोटोभोवती चौकट हिरवी व्हायची, विझायची, हिरवी व्हायची. त्यांना वाटत होतं शब्द जातोय. आवाज आला नाही हे कळल्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं. स्पीकरकडे बघितलं.

वायर परत लावली. प्रसादाचं दूध चमच्याने पाजलं. अर्धं ओठातून ओघळलं, पदराने टिपलं. मग दिवसभर त्यांनी बटण दाबलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गोरक्षचा फोन. आई आता सकाळी एक नाव घेते, संध्याकाळी दुसरं. "तुझ्या नावानं आमच्या हिला हाक मारती. ही पन व्हय म्हनती." भावजय भली आहे.

माझ्या जागी भावजय माझ्या नावाला ओ देते. आणि इथे माझा आवाज मला बोलावतो. मी स्वतः कुठे आहे कोण जाणे.

सोमवार, १ डिसेंबर

एकादशी. यांना आता विचारणं सोडलं.

बुधवार, ३ डिसेंबर

आजचं नीट लिहिते.

सकाळी अकराला लाईट गेली. आली तेव्हा मशीन चालू केलं, 'आबा' नावाच्या चित्रावर दोनदा दाबलं. चौकटी आल्या, पण पिवळी चौकट 'औषध'वर येऊन अडकली. हलेना. आबा दाबतायत आणि माझा आवाज औषध, औषध, औषध. दिशाला फोन केला. ती वर्गात होती, बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, एफ-दोन दाब, बाण येईल, फुलीवर नेऊन बंद कर आणि परत चालू कर.

एफ-दोन दाबलं. बाण आला. बरोबर पडद्याच्या मधोमध, जसा काही इतके दिवस तिथेच उभा होता.

मी परातीतल्या माऊसला हात लावणार, तेवढ्यात बाण आपला आपण हलला. आबांचा हात माऊसवर होताच. उन्हाळ्यात कसा भिरभिरायचा हा बाण! आज हळूहळू गेला. थरथरत होता, पण जिथे जायचं तिथेच गेला. माझ्या फोटोवर थांबला. मग उजवीकडे सरकत सरकत दारावर गेला. दाराच्या फोटोवर थांबला. परातीचा काठ वाजला — टण्ण. परत मागे आला. माझ्यावर. परत दारावर.

मी. दार. मी. दार.

म्हणजे हाच रस्ता. उजवीकडे ढकलायचे तो. इतके दिवस हेच चाललं होतं आणि आम्ही परात आणली!

मी म्हटलं, "दार लावू का आबा?" त्यांनी डोळे घट्ट मिटून उघडले. नाही म्हणायचं असलं की असं करतात. "बाहेर बसायचंय?" नाही. "कोणी यायचंय का?" नाही. बाण परत माझ्यावर. मग दारावर. फोनमधून दिशा, मम्मी झालं का, माझा तास आहे.

मग आबांनी बाण माझ्या फोटोवर नेला आणि दाबलं. "ये."

मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. ये कशाला म्हणायचं? आणखी कुठे येऊ?

आणि मग आठवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. माहेरी निघताना, बाजारला, दळणाला, देवळात जाताना, पायरी उतरण्याआधी मी एकच म्हणायचे, आबा, येते. आणि आबा ओट्यावरून, पेपरातून मान वर न करता म्हणायचे — ये.

तो हा 'ये'.

बोलवत नव्हते ते. निरोप देत होते. गोरक्षचा फोन ऐकला त्या दिवसापासून. 'जा' मीच घालू दिला नव्हता, मग माणसाने दुसरं काय म्हणावं? मी जेवढ्या वेळा धावत जवळ गेले, तेवढ्या वेळा ते मला दाराकडे पाठवत होते.

मी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. तिथून म्हटलं, "आबा, मिरजगावला आईकडे... येते."

लगेच नाही आला आवाज. बाण हलला असेल आधी, नेम धरला असेल. मग आला. माझाच. "ये."

फोनमधून दिशा विचारत होती, मम्मी रडतेस का तू? म्हटलं, फुली सापडली.

तिला सांगितलं, बाण परत लपवायचा नाही.

बुधवार, ३ डिसेंबर, संध्याकाळी

यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माले, तुला जायचंय म्हणून तू तुझ्या सोयीचा अर्थ लावतेस. माणूस मरणाच्या दारातून तुला ये म्हणतोय आणि तू त्याचं जा करतेस."

तसं असेल तर? मला हवं तेच मी ऐकलं असेल तर? देवीपुढे दिवा लावला. नवस केला नाही. फक्त म्हटलं, मला खोटं ऐकू येऊ देऊ नकोस.

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती आणि दुसरा गुरुवार. घट मांडला. हे सुंठवडा घेऊन देवळातून आले, आबांच्या जिभेला लावला. मग स्वतःहूनच पलंगाच्या कडेला बसले. मला वाटतं रात्रभर त्यांच्याही मनात होतं. म्हणाले, "आबा, खरं सांगा. ही म्हणते तुम्ही तिला माहेरी पाठवताय. हिला जाऊ देऊ का?"

बाण निघाला. माझ्याकडे नाही. यांच्या फोटोवर गेला. दाबलं. माझा आवाज — "अहो."

मग पाण्यावर. "पाणी."

परत यांच्यावर. "अहो." मग "औषध."

"अहो." "कूस."

गावच्या सोसायटीचे चेअरमन असताना आबा सभेत कामं वाटून द्यायचे, अगदी तसं. एकेक नाव, एकेक काम, कोणाला मधे बोलू न देता. हे बघतच राहिले. शेवटी माझ्यावरून दारावर बाण नेला आणि तिथेच ठेवला. हात माऊसवरून काढून घेतला. सभा संपली.

मी पदर तोंडाला लावला. यांना वाटलं रडते आहे. मी हसत होते. मग हे म्हणाले, "कूस मला जमेल का?" मी म्हटलं, दाखवते. दाखवलं. कमरेखाली हात कसा घालायचा, पाठीला उशी कशी. पहिल्यांदा आबांचं डोकं पलंगाच्या दांड्यावर आपटलं. आबांनी बाण 'दुखतंय'वर नेला, पण दाबलं नाही. नुसता नेऊन ठेवला. लेकाला दाखवायला.

शनिवार, ६ डिसेंबर

हे दोन दिवस सगळं करतायत, मी बाजूला उभी. औषधांच्या डब्यांना रंगीत चिंध्या बांधल्या, सकाळची लाल, रात्रीची निळी. दुकानातून दुपारी लवकर येणार, मालनबाई मधला वेळ बसतील. त्या म्हणाल्या, "जा गं निवांत. तुजा सासरा मला हारन वाजिवतोय का बगू." पंकजावन्संना हे फोन करून काय म्हणाले माहीत नाही, पण त्या मंगळवारी येणार आहेत. येते म्हणाल्या नाहीत, येणार म्हणाल्या.

सोमवारी सकाळच्या गाडीने नगर, तिथून मिरजगाव. बायकांना अर्धं तिकीट, तेवढी देवाची दया. येताना बुधवारी यायचं, गुरुवारचा घट चुकायला नको. यांना तसं कबूल केलं आहे.

सोमवार, ८ डिसेंबर

निघाले. पायरी उतरण्याआधी म्हटलं, आबा, येते.

"ये."

बाण मी बघितला. दारावरच होता.

मंगळवार, ९ डिसेंबर. मिरजगाव

आईने ओळखलं नाही. 'बसा, चहा घ्या' म्हणाली. गोरक्षच्या बायकोला माला म्हणते आणि मला बाई. काल तिची वेणी घातली, नखं काढली, न्हाऊ घातलं. 'तुमचा हात हलका आहे बाई' म्हणाली.

तिचे कपडे वाळत घालायला बाहेर आले. गोरक्ष अंगणात तोंड फिरवून उभा होता.

बुधवार, १० डिसेंबर. मिरजगाव

पिशवी भरून दारात ठेवली होती. आईच्या पाया पडले, म्हटलं, येते आई. तिने माझं मनगट धरलं. "येते काय म्हनती माले? आलीस की."

घरी फोन लावला. यांना म्हटलं, आबांजवळ धरा. म्हटलं, आबा, आईने ओळखलं. बराच वेळ नुसती परातीची टण्ण. मग माझा आवाज — "ये."

कोणता हा? जवळ ये म्हणतात की ये म्हणून निरोप देतात? इथून बाण दिसत नाही.

माझ्या सोयीचा अर्थ लावला. पिशवी परत खुंटीला अडकवली. उद्याचा घट इथेच मांडते.